टोपीवरची शेवंती

माझ्या गाण्याबद्दल लोकांनी मला फारसं कधी विचारलं नाही. विचारलं ते टोपीबद्दल. योकोहामातल्या तळघरांपासून कोबेच्या बंदरावरच्या उघड्या मंचापर्यंत, जिथं जिथं मी अमेरिकन गुराख्यांची गाणी गायले, तिथं तिथं कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी जवळ येऊन विचारायचं, "टोपीवर ती पांढरी फुलं का लावता?" हा प्रश्न विचारताना जपानी माणूस आवाज खाली आणतो. मग मीही आवाज खाली आणून काहीबाही सांगायचे. एका मासिकाच्या बाईंना तर मी जन्ममृत्यूबद्दल इतकं गंभीर काहीतरी ऐकवलं होतं की छापून आल्यावर माझं मलाच हसू आवरेना. खरी गोष्ट अशी की ती फुलं सुपरमार्केटच्या गल्ल्याशेजारी बादलीत उभी असायची आणि माझ्या आईला ती फार आवडायची. बाकी सगळं मागाहून आलं. आता घशाच्या डॉक्टरांनी माझे वरचे सूर कायमचे बंद करून टाकलेत आणि केसांतही त्या फुलांचा रंग डोकावायला लागलाय, तेव्हा एकदाचं खरं सांगून टाकायला हरकत नाही.

आम्ही कावासाकीला गेलो ते बाबांच्या नोकरीमुळे. त्या दिवसांत पुण्यातल्या निम्म्या सॉफ्टवेअरवाल्यांना जपानचे वेध लागले होते. संध्याकाळच्या जपानी भाषेच्या वर्गांत बसायला जागा मिळत नसे. बाबा आधी गेले, मग शाळेचं वर्ष संपवून आई आणि मी. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि भिंती अशा की शेजारी कुणी शिंकलं तर आपण रुमाल काढावा. त्या घरात बाबांना भीती फक्त एकाच गोष्टीची, आवाजाची. खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. आम्ही गेलो त्याच आठवड्यात त्यांनी इमारतीच्या कार्यालयात आमच्याबद्दल अतिशय नम्र शब्दांत तक्रार केली होती. तेव्हापासून बाबा घरात मांजरासारखे चालायचे. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की आई धावत जाऊन गॅस बारीक करायची. त्या वर्षांत आमच्याकडची तूरडाळ कधी नीट शिजलीच नाही. मिक्सर जुन्या गोधडीवर ठेवून, वर टॉवेल गुंडाळून, आजी बाजाराला गेल्याची खात्री करून मगच लावायचा. खोबऱ्याची चटणी म्हणजे आमच्याकडे चोरीचा मामला होता.

आईची स्थिती तर आणखीच अवघड. पुण्यात जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला "अहो, चहा घेऊन जा" म्हणून आत ओढणारी ही बाई. इथं दाराची बेल वाजली की तिचा पुतळा व्हायचा. टीव्ही चालू असेल तर ती तो बंद करायची, मला ओठांवर बोट ठेवून गप्प करायची आणि बाहेरचा माणूस निघून जाईपर्यंत हातात लाटणं धरून तशीच उभी राहायची. "अगं, निदान बघ तरी कोण आहे ते," मी म्हणायचे. "बघून काय करू? बोलू काय?" ती म्हणायची. तिचं जपानी दुकानापुरतं होतं, आणि दुकानात बोलावं लागत नाही म्हणून तर तिला दुकान आवडायचं. भाज्या, दूध, मग गल्ल्यापाशी ती फुलांची बादली. पहिल्यांदा ती फुलं दिसली त्या दिवशी आई घरी आली ती नाचतच. "अगं, शेवंती! पुण्यात दसऱ्याला मिळते ना, तशी. उलट तिच्यापेक्षा टपोरी. पानंसुद्धा पुसून ठेवलेली!" तेव्हापासून दर आठवड्याला एक जुडी घरात यायला लागली. देवांना शेवंती, दिवाळीला दाराला शेवंती, गणपतीला तर शेवंतीचा हार. गल्ल्यावरची मुलगी ती जुडी कागदात गुंडाळताना इतकी हळुवार व्हायची, इतकी वाकून नमस्कार करायची, की आई म्हणायची, "संस्कार बघ हिचे." खालच्या आजीसुद्धा जिन्यात आईच्या हातात फुलं दिसली की बाजूला सरकून मान खाली घालायच्या. त्यांच्या तक्रारीही बंद झाल्या. बाबांना वाटलं, आपल्या मांजरचालीचं चीज झालं.

आता माझ्या गळ्याबद्दल सांगायला हवं. पुण्यात मी लहानपणापासून गाण्याच्या क्लासला जायचे. आमच्या बाई कडक होत्या आणि त्यांचा कान वाईट नव्हता. एक दिवस त्यांनी आईला बोलावून सांगितलं, "हिचा गळा गोड आहे, पण वर गेला की फुटतो. एका आवाजाचे दोन होतात. फार प्रयत्न केला मी. तिला दुसरं काहीतरी शिकवा." आईने घरी येऊन कणीक मळायला घेतली. मग पोळ्या लाटताना एकदम म्हणाली, "फुटतो म्हणजे काय? काचेचं भांडं आहे का?" मला मात्र बाईंचं पटलं होतं. वरच्या सुराकडे जाताना धास्ती वाटायची, आणि ती वाटली की आवाज हमखास घसरून भलतीकडेच उडायचा. मी गाणं सोडलं आणि मला त्याचं दुःख नाही असं सगळ्यांना सांगत राहिले. ते खोटं होतं. मला फार दुःख होतं.

कावासाकीत आपल्या लोकांचा गणपती एका भाड्याच्या हॉलमध्ये बसायचा, आणि आईने मला न विचारता तिथल्या कार्यक्रमात माझं नाव देऊन टाकलं. रियाज घरात करणं शक्यच नव्हतं. पण जपानात यावरही तोडगा आहे. ज्यांना वाजवायचं-गायचं असतं ते नदीकाठी जातात. तामा नदीवर रेल्वेचा पूल आहे, त्याच्या कमानीखाली संध्याकाळी कुणी ट्रम्पेट घेऊन उभा, कुणी बासरी घेऊन, कुणी लग्नातलं भाषण पाठ करतोय. गाडी आली की सगळे थांबतात आणि ती गेली की जिथं सोडलं तिथून पुढे सुरू करतात. हे आईनेच हेरलं. ती सतरंजी, पाण्याची बाटली आणि डब्यात थालीपीठ घेऊन माझ्याबरोबर यायची, पाठ नदीकडे आणि तोंड माझ्याकडे करून बसायची.

एका संध्याकाळी मी गात होते. वर गेले आणि नेहमीसारखा आवाज फुटला. शेजारच्या कमानीखाली वाजत असलेला बॅन्जो थांबला. गाडी आलेली नव्हती, तरी थांबला. कातडी टोपी घातलेला एक किडकिडीत म्हातारा माझ्याकडे चालत आला, दोन पावलं आधी थांबला, टोपी काढून वाकला आणि म्हणाला, "मोउ इक्काई." म्हणजे पुन्हा एकदा. मला वाटलं, चेष्टा करतोय. माझे कान तापले. आईने थालीपिठाचा डबा बंद केला, म्हणजे ती भांडायच्या तयारीत होती. पण म्हाताऱ्याने स्वतःच तोंड वर करून एक चमत्कारिक आवाज काढला. छातीतून निघालेला सूर एकदम टाळूवर उडी मारून गेला आणि परत खाली आला. त्याला ते नीट जमलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, माझ्या गळ्याकडे, आणि मग आभाळाकडे. "तुमचा जातो," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "माझा जात नाही."

हे ओकुबो-सान, आपल्याकडे ओकुबोराव म्हटलं असतं. स्टेशनामागे त्यांचं कपडे धुण्याचं, ड्रायक्लिनिंगचं दुकान होतं, आणि आयुष्यभर ते दर शनिवारी आपल्यासारख्याच चार म्हाताऱ्यांबरोबर योकोहामाच्या एका तळघरात कंट्री संगीत वाजवत आले होते. आवाजाच्या त्या उडीला योडल म्हणतात हे त्यांनी मला शिकवलं. पुण्याच्या बाई ज्याला फुटणं म्हणत होत्या, ते करायला हे लोक वर्षानुवर्षं घसा खरडत होते. त्या संध्याकाळी मी ती उडी पुन्हा पुन्हा मारली. आवाज मुद्दाम फोडायचा असं ठरवल्यावर ती धास्ती गेलीच. मी हसत होते आणि मला रडूही येत होतं. आईने डबा पुन्हा उघडून ओकुबो-सानना थालीपीठ दिलं. मिरचीने त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी ते "ओइशी, ओइशी", म्हणजे छान, छान, म्हणत शेवटच्या तुकड्यापर्यंत खात राहिले. पुढच्या वेळेपासून आई त्यांचं थालीपीठ बिनमिरचीचं वेगळं थापून न्यायला लागली.

गणपतीत मी काय गायले ते आज मला आठवतही नाही, पण पुलाखालचं सगळं आठवतं. हळूहळू कळलं की त्यांच्या बँडची गायिका म्हणजे ओकुबो-सानची बायको, फुमिको-सान. ती जाऊन दीड-दोन वर्षं झाली होती. तिच्यामागे चौघे नुसतेच वाजवत होते आणि गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं. तळघरातल्या त्या खाण्यापिण्याच्या दुकानाच्या मालकिणीने शेवटी सांगितलं होतं की गाणारं माणूस मिळालं नाही तर शनिवार दुसऱ्या, तरुण मंडळींना द्यावा लागेल. अशा दुकानांच्या मालकिणीला तिकडे सगळे मामा म्हणतात. ही मामा वाईट नव्हती. तिलाही दुकान चालवायचं होतं. ओकुबो-सानने हे सगळं बॅन्जोच्या तारा पुसता पुसता सांगितलं आणि मग मला विचारलं, एक शनिवार गाऊन बघाल का?

बाबांची परवानगी रात्रीच्या जेवणात काढली.

"कंट्री म्हणजे?" बाबा म्हणाले.

"अमेरिकेतले गुराखी गातात ते."

"मग जपानी म्हातारे ते का गातात?"

"त्यांना आवडतं म्हणून."

"आणि तू?"

"मला जमतं म्हणून."

बाबांनी आमटीभातात बराच वेळ चमचा फिरवला. "अहो, मी जाणार आहे ना तिच्याबरोबर," आई म्हणाली. "शनिवारचं मला ऑफिस असतं, मी काही यायचो नाही," बाबा म्हणाले. "काय आवाज करायचा तो तिकडे करा. घरात नको." आमच्या घरात याला परवानगी म्हणत.

मग आई कामाला लागली. तिच्याकडे एक मरून रंगाची इरकल होती, काठ विरलेली पण पदर शाबूत. ओकुबो-सानने आणलेल्या जुन्या फोटोंत गायिकांच्या जाकिटांना झालरी लोंबत होत्या. आईने फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "हे तर आपले पदराचे गोंडे." दोन आठवडे ती खिडकीपाशी बसून त्या साडीचं जाकीट शिवत होती, आणि शिवताना गुणगुणत होती. त्या घरात मी तिला पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं. बाबांनी एकदा मान वर करून पाहिलं, पण तिला थांबवलं नाही. टोपी ओकुबो-सानने दिली. फुमिको-सानची, मोतिया रंगाची, रुंद काठाची. ती देताना त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते. आईने घरी येऊन ती उलटी करून पाहिली. आतल्या पट्टीवर घामाचा डाग होता. "स्वतःचं धुलाईचं दुकान, आणि बायकोची टोपी अशी मळकी?" आईने नाक मुरडलं. पण धुतली नाही. दुसऱ्याची वस्तू, विचारल्याशिवाय कशी धुवायची?

शनिवारी सकाळी तिने मला टोपी घालून आरशासमोर उभं केलं आणि तिचं समाधान होईना. "छान आहे गं, पण बोडकी दिसते. पहिल्यांदा चारचौघांत गाणार, आणि डोक्यावर फूल नाही?" ती चपला घालून गेली आणि सुपरमार्केटमधून दोन जुड्या घेऊन आली. मग जमिनीवर बसून, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून, एकेक देठ बोटांत फिरवत तिने पांढऱ्या शेवंतीची अशी वेणी विणली की पुण्यात मंडईबाहेर बसणाऱ्या फुलवालीने मान डोलवावी. ओल्या रुमालात गुंडाळून ती डब्यात ठेवली. योकोहामापर्यंत गाडीत तो डबा आईच्या मांडीवर होता आणि ती मधूनमधून झाकण उघडून आत बघत होती.

तळघरात स्वयंपाकघरामागे सामानाची एक खोली होती, तिथं मी कपडे बदलले. बाहेर चौघांनी वाजवायला सुरुवात केली होती. आईने वेणी टोपीभोवती फिरवून मागे गाठ मारली, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "जा. वर गेलीस की फुटू दे." मी मंचाकडे झुकून नमस्कार केला आणि उजेडात गेले.

आधी ढोल वाजवणाऱ्या आजोबांचा हात थांबला. मग फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, थांबलं. दुकान भरलेलं होतं, बहुतेक सगळे म्हातारे, टोप्या घातलेले, आणि त्या सगळ्यांनी एकाच वेळी बोलणं बंद केलं. ग्लास टेबलावर ठेवल्याचा एक आवाज झाला, तेवढाच. ओकुबो-सान माझ्या टोपीकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी आजही नीट सांगू शकत नाही. मला वाटलं, मी छान दिसतेय म्हणून हे सगळे थक्क झालेत. सतराव्या वर्षी माणसाला असंच वाटतं! ते पुढे वाजवत नाहीत म्हटल्यावर मी वाद्यांवाचूनच सुरू केलं. फुमिको-सानने बांधलेली चाल होती, स्टेशनात कुणाची तरी वाट बघणाऱ्या बाईचं गाणं. वरच्या सुरापाशी आवाज फुटला, उडी मारून छतापर्यंत गेला, आणि तिथून परत येईस्तोवर बॅन्जोची एक तार वाजली, मग दुसरी. गाणं संपायच्या आधी ओकुबो-सानने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. मग ढोलवाल्यांनी. मग समोर बसलेल्या एकेका म्हाताऱ्याने. सगळं दुकान बोडक्या डोक्यांनी, मान खाली घालून बसलं होतं. शेवटी टाळ्या वाजल्या, पण हळू, देवळात वाजवाव्यात तशा. ओकुबो-सानने बॅन्जो पेटीत ठेवला आणि कुणाशीही न बोलता मागच्या दाराने ते निघून गेले.

मामाने मला स्वयंपाकघरात नेऊन पाणी दिलं. ती इंग्रजी आणि जपानी मिसळून, शब्द निवडून बोलत होती. फुलं कुणी बांधली? आईने, मी अभिमानाने सांगितलं. मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अनघा-सान, ही फुलं आम्ही वारलेल्या माणसाच्या घरातल्या तसबिरीपुढे ठेवतो. शेवटच्या दिवशी शवपेटीत ठेवतो. दुकानात ती जुडी बांधून विकतात, ती त्यासाठीच." मग ती टोपीकडे बघत म्हणाली, "आणि ही फुमिकोची टोपी आहे." मी टोपी काढली. मी ती दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिले.

परतीच्या गाडीत मी आईला सांगितलं. ती कावासाकी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर चप्पल न काढताच दारात बसली. "म्हणजे मी त्या माणसाच्या बायकोच्या टोपीवर मयताची फुलं बांधली. आणि आपल्या गणपतीला... दिवाळीला..." "तरीच खालच्या आजी," बाबा हळूच म्हणाले. "त्यांना वाटत असेल, यांच्याकडे कुणीतरी गेलंय." एरवी आम्ही तिघेही पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. "माझ्यामुळे तुझं गाणं गेलं," आई मला म्हणाली. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मलाही तसंच वाटत होतं, आणि आमच्या घरात खोटं बोललेलं सगळ्यांना लगेच कळायचं.

बाबांचा माफी मागण्याचा अभ्यास दांडगा होता. ऑफिसात चूक कुणाचीही असो, वाकायचं देवधर-साननेच, म्हणजे बाबांनीच, असा त्यांचा अनुभव. ते म्हणाले, सूट घालून, मिठाईचा खोका घेऊन, तिघांनी मिळून जायचं. आम्ही गेलो. ओकुबो-सानच्या दुकानाचं शटर खाली होतं. दुसऱ्या दिवशीही खालीच, तिसऱ्याही. मी पुलाखाली जाऊन आले, तिथं नुसता ट्रम्पेटवाला होता. आईने गुणगुणणं बंद केलं. उरलेली शेवंती तिने कचऱ्याच्या पिशवीत घातली, परत बाहेर काढली, हातात धरून रडली, आणि शेवटी नदीत सोडून आली. तिथं नदीत काही टाकायचं नसतं, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

पुढचा शनिवार उजाडला. बाबा ऑफिसात. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते, वाचत काहीच नव्हते. बेल वाजली. सवयीने मी श्वास रोखला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बेल परत वाजली. आईची पावलं दारापर्यंत गेली आणि थांबली. ती दाराच्या भिंगातून बघत असणार. नंतर ती म्हणायची की तिला आधी माणूस दिसलाच नाही, नुसती फुलंच दिसली. मला कडी काढल्याचा आवाज ऐकू आला. त्या घरात ती कडी आईच्या हाताने, कुणा परक्यासाठी, पहिल्यांदाच निघत होती.

मी बाहेर आले. ओकुबो-सान दारात उभे होते, अंगावर इस्त्रीचा सदरा, हातात पांढऱ्या शेवंतीचा एवढा मोठा भारा की त्यांची हनुवटी झाकली होती. आई खाली वाकली. तेही वाकले, आणि फुलं मध्ये आल्यामुळे दोघांनाही नीट वाकता येईना. आई मराठीतच म्हणाली, "चुकले हो मी. मला माहीत नव्हतं." त्यांना ते बरोबर कळलं. मग ते माझ्याकडे बघून, मला कळेल अशा सोप्या जपानीत, थांबत थांबत बोलले. "आईंना सांगा. सगळ्यांचे कपडे मी धुतो. फुमिकोची टोपी नाही धुतली. तिचा वास जाईल म्हणून. तिच्या तसबिरीपुढे फुलंसुद्धा माझी बहीण ठेवायची. मी नाही. मी फुलं ठेवली असती तर ती गेली असं झालं असतं." त्यांनी भारा सावरला. "त्या दिवशी टोपीवर फुलं दिसली. मला कळलं, ती गेली. मग तुम्ही गायलात. हा आठवडाभर मी तिच्या गावी होतो. तिथं फुलं वाहिली." आणि मग आईकडे वळून, फुलं पुढे करून, "आज संध्याकाळीही बांधाल का? ओनेगाइ शिमास." एवढं मात्र आईला कळत होतं. दुकानात, स्टेशनात, सगळीकडे लोक तेच म्हणायचे, कृपा करा.

आईने पदराने डोळे पुसले, फुलं दोन्ही हातांनी घेतली, आणि दार पूर्ण उघडून म्हणाली, "दोउझो, आगात्ते कुदासाइ." या, आत या. हे वाक्य तिला येत होतं! केव्हापासून येत होतं, कुणासाठी पाठ करून ठेवलं होतं, देव जाणे. त्यांनी बूट काढले. आईने चहा टाकला, आणि कुकरची शिट्टी खुशाल होऊ दिली.

शनिवार आमच्याकडेच राहिला. मामाने बाहेरच्या पाटीवर माझं नाव लिहिलं, शिरोगिकु, म्हणजे पांढरी शेवंती. पुढे लोक त्यात फार खोल अर्थ शोधायला लागले. दर शनिवारी सकाळी ओकुबो-सान फुलं घेऊन यायचे, आई अंगठ्याला दोरा अडकवून बसायची. टोपी धुवायची परवानगीही त्यांनी एक दिवस आपणहून मागितली. परवानगी आमची की फुमिको-सानची, ते त्यांनी सांगितलं नाही. दुपारी त्यांनी टोपी धुऊन, वाफ देऊन, आकाराला बसवून आणली, आणि संध्याकाळी मी ती घातली.

बाबांचं काम संपल्यावर आईबाबा पुण्याला परतले, मी राहिले. गेल्या हिवाळ्यात ओकुबो-सान गेले. आई आता सत्तरी ओलांडून बसलीय, गुडघे धरून चालते, तरी पुण्याहून यायचंच म्हणाली. मी तिला विमानतळावरून थेट अंत्यदर्शनाच्या हॉलवरच नेलं. हॉलची समोरची सगळी भिंत पांढऱ्या शेवंतीने भरली होती, ओळींवर ओळी, मधे टोपी घातलेला त्यांचा हसरा फोटो. लोक येत होते, वाकत होते, जात होते. आई काठीवर टेकून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून जरा रागानेच म्हणाली, "एवढी फुलं, आणि एक वेणी नाही?" मी ओकुबो-सानच्या बहिणीला विचारलं. त्यांनी भाच्याला सांगितलं. कुणीतरी दोरा आणून दिला. आई भिंतीशी जमिनीवर बसली, मोजा काढला, अंगठ्याला दोरा अडकवला आणि देठ फिरवायला लागली. ढोलवाले आजोबा शेजारी बसून तिला एकेक फूल देत होते. वेणी झाल्यावर तिने ती शवपेटीतल्या त्यांच्या टोपीभोवती फिरवून मागे गाठ मारली, आणि टोपी थोडी सरळ केली.